ट्रॅक्टरच्या पाठीमागचा सांधा

विक्रोळी म्हटले की गोदरेजची कपाटे आठवतात, तसे कांदिवली म्हटले की ट्रॅक्टर. मुंबईच्या उपनगरांत शेती फारशी उरली नाही, पण शेतीचे यंत्र इथे घडले. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि पुढे बी-२७५ हा ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारी आला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली.

नांगर लाकडी असो वा किर्लोस्करांचा लोखंडी, बैलांनी तो ओढायचा एवढेच. ट्रॅक्टर मात्र औजार ओढतो आणि फिरवतोही. त्याच्या मागे फिरणारे एक टोक असते, त्याला आपले शेतकरी ‘पीटीओ’ म्हणतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरनेच १९१८ च्या सुमारास ही सोय विक्रीच्या ट्रॅक्टरवर आणली. मिनिटाला ५४० फेरे हा तिचा रूढ वेग. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, फवारणीचा ब्लोअर, सारे तिच्यावर चालते.

पण ट्रॅक्टरचे टोक उंच, औजाराचे खाली आणि रान उंचसखल. मधला दांडा सरळ राहील कसा? म्हणून त्याला दोन्ही टोकांना क्रॉसचा सांधा असतो. हा सांधा ट्रॅक्टरहून खूप जुना. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ च्या आपल्या पुस्तकात, खगोल-उपकरणांच्या संदर्भात, त्याचे वर्णन केले होते.

या सांध्यात एक खोड आहे. तो वाकला की फिरणे एकसारखे राहत नाही. समजा, ३० अंशांचा कोन झाला. ट्रॅक्टर ५४० फेऱ्यांनी फिरत असला, तरी सांध्यापलीकडचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा ४६८ पर्यंत उतरतो आणि दोनदा ६२४ पर्यंत चढतो. हेच ते हादरे.

उपाय सोपा आहे. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे ठेवले आणि मधल्या दांड्यावरचे दोन्ही योक एका रेषेत बसवले, तर एकाची खोड दुसरा भरून काढतो. मात्र दुरुस्तीनंतर दांडा जोडताना योक आडवा-उभा बसला, तर दोष फिटण्याऐवजी वाढतो. मग तोच वेग ४०५ ते ७२० च्या दरम्यान हेलकावतो. बेअरिंग तुटते आणि ऐन पेरणीत काम अडते.

तरीही एक अडचण उरते. नाशिककडच्या द्राक्षबागेत ओळीच्या टोकाला मागे जोडलेला ब्लोअर वळवताना दोन्ही कोन सारखे राहत नाहीत. अशा जागी समवेगी सांधा लागतो. त्यात दोन क्रॉस जवळजवळ बसवून मधोमध त्यांना सावरणारी रचना असते, त्यामुळे वेग जवळजवळ स्थिर राहतो. रुंद कोनाचे असे सांधे थोडा वेळ ८० अंशांपर्यंतही वळतात. पण ते जड आणि महाग, म्हणून आपल्याकडे साधा दांडाच अधिक दिसतो.

दांडा साधा असो वा समवेगी, त्यावरचे प्लॅस्टिकचे कवच काढून ठेवू नये. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. पदर, धोतर किंवा गळ्यातला गमछा अडकला, तर हात मागे घ्यायलाही उसंत मिळत नाही. औजारात काही अडकले, तर आधी पीटीओ बंद करावा, इंजिन थांबवावे, चावी काढून घ्यावी आणि मगच हात घालावा.