सावधान आणि पाचारण

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची जुनी बाडे जतन केलेली आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून हिंडून ती जमवली. ती बाडे पाहताना मराठी वाचकाला हटकून आठवते ती मात्र परंपरेने सांगितलेली एक गोष्ट: बोहल्यावर उभा असलेला बारा वर्षांचा नारायण, भटजींच्या तोंडचा ‘सावधान’ हा शब्द, आणि त्यासरशी मंडपातून झालेले पलायन. ईश्वराची हाक म्हणजे काय, याचे आपल्या मनातले चित्र बव्हंशी या गोष्टीने रंगवले आहे. हाक एका क्षणात ऐकू येते, त्याच क्षणी ती ओळखता येते आणि ऐकणारा मागे वळून पाहत नाही.

हे चित्र मनात असल्यामुळेच, याच खानदेशात एखाद्या कॅथलिक घरातली मुलगी ‘मला सिस्टर व्हायचे आहे’ असे म्हणते तेव्हा पुढे जे घडते ते आपल्याला अनोळखी वाटते. धुळे आणि जळगाव हे जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. येथील कॅथलिक समाज संख्येने लहान आहे. अशा मुलीला कोणी पळून जा म्हणत नाही. उलट थांब, असे सांगतात. तिला प्रश्न विचारले जातात, काही काळाने तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. हे थांबवणे कोठून आले, आणि त्याचा वाङ्मयाशी संबंध काय, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

मराठी ख्रिस्ती परिभाषेत या हाकेला ‘पाचारण’ म्हणतात. पाचारण करणारा एक आणि पाचारिलेला दुसरा, असे दोघे त्या शब्दात गृहीत धरलेले आहेत. अडचण अशी की, ऐकू आलेला आवाज बोलावणाऱ्याचाच आहे की आपल्याच इच्छेचा, भीतीचा अथवा घरच्यांच्या हौसेचा, हे ठरवायचे कसे? त्या ठरवण्याला आम्ही ‘विवेक’ म्हणू. शब्द समर्थांच्या आवडीचा आहे, हे दासबोधाच्या वाचकांना सांगावयास नको.

या विवेकाची कॅथलिक परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध पद्धत एका वाचकाने घडवली. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत इग्नाशियस लोयोला तोफगोळ्याने जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याला वीरकथा वाचायच्या होत्या. त्या घरात नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी होती. नाइलाजाने तो तीच वाचू लागला. त्याला एक गोष्ट जाणवली. दरबार, पराक्रम, एखादी उच्चकुलीन स्त्री यांची स्वप्ने पाहताना मन सुखावे, पण नंतर कोरडे पडे. संतांसारखे जगण्याच्या विचाराने मिळालेला आनंद मात्र विचार संपल्यावरही टिके. मनाच्या या दोन चवींतला फरक नोंदवण्यातून त्याची ‘आध्यात्मिक साधना’ उभी राहिली. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्या पुस्तकातला एक नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो: मन उदास आणि अंधारलेले असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये. उत्साहाच्या भरात घाईने नवस बोलू पाहणाऱ्यालाही तो सावध करतो.

मराठीच्या अभ्यासकांना या साधनेचे फळ परिचयाचे आहे, कारण ‘क्रिस्तपुराण’ रचणारा थॉमस स्टीफन्स याच परंपरेत घडला. त्याच्या तरुणपणाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते. स्टीफन्स आणि त्याचा मित्र थॉमस पाउंड यांनी हिंदुस्थानातून येणारी जेझुइटांची पत्रे वाचली आणि दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरवले. निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटा रोमला पोहोचला आणि १५७५ साली संघात दाखल झाला. तुरुंगातल्या मित्राला त्याच्या गैरहजेरीतच संघात घ्यावे, म्हणून त्याने तेथे खटपट केली आणि १५७८ साली तशी मान्यता मिळवली. पुढच्याच वर्षी तो गोव्यात उतरला.

दोघांनी वाचलेली पत्रे एकच, हाकही एकच. एकाच्या वाट्याला चाळीस वर्षांचा गोवा आणि १६१६ साली रायतूर येथे छापल्या गेलेल्या सुमारे ११ हजार ओव्या आल्या. दुसऱ्याच्या वाट्याला सुमारे तीस वर्षांचे तुरुंग आले. पाचारणाची सत्यता त्याच्या दृश्य फळावरून मोजणाऱ्याने पाउंडचे काय करावे? संघाने तर बंदिवासातल्या त्या माणसाला आपला मानले. म्हणजे हाक खरी की खोटी हे ऐकणारा एकटा ठरवत नाही. दुसऱ्या कोणी तरी तिला होकार द्यावा लागतो.

या दुसऱ्या होकाराला इतिहासाची काळी बाजूही आहे. युरोपात हुंडा वाचवण्यासाठी मुलींना मठात लोटणारे बाप थोडे नव्हते. म्हणून १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने नियम केले: वर्षभराच्या उमेदवारीशिवाय आणि वयाची सोळा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय व्रतबंधन नाही, मुलीची इच्छा खरोखर तिचीच आहे ना, याची बिशपने चौकशी करावी, तिच्यावर बळजबरी करणारा बहिष्कृत. आजचा, १९८३ चा धर्मविधी त्याहून सावध आहे. सतरा वर्षांखालील व्यक्तीला नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे उमेदवारीच्या काळात, घेता येत नाही. तो काळ निदान बारा महिन्यांचा. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते प्रथम ठराविक मुदतीची. आजन्म व्रते त्यानंतर. धाक, सक्ती वा फसवणूक यांमुळे झालेला प्रवेश मुळातच रद्द ठरतो.

मुदतीच्या व्रतांचा अर्थ असा की, मुदत संपल्यावर परत जाण्याचा दरवाजा उघडा असतो. कायदा तो उघडा ठेवतो. गाव ठेवते काय? घरात अहिराणी, प्रार्थनेत मराठी आणि प्रशिक्षणात बहुधा इंग्रजी, असा प्रवास करून दोन वर्षांनी घरी परतलेल्या मुलीकडे शेजारीपाजारी ‘जमले नाही वाटते’ अशा नजरेने पाहतात. ‘सावधान’च्या गोष्टीत परतीला जागाच नसल्यामुळे परतणारा आपल्याला पराभूत वाटतो. वास्तविक, विवेकाने दिलेला नकार हेही त्या प्रक्रियेचे यशच होय.

खानदेशाला हा पेच कॅथलिक घरांबाहेरही ठाऊक आहे. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात साने गुरुजी आले ते अभ्यासासाठी आणि चिंतनासाठी. पण १९२४ साली ते तेथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांत रमले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि गुरुजी ते उतरवून घेत होते. चिंतन, वर्ग, तुरुंग असे मुक्काम करीत त्यांना आपली वाट सापडली. एकाच उडीत ती सापडली असे म्हणता येणार नाही.

आणि मग आम्ही पुन्हा वाग्देवता मंदिरातल्या बाडांकडे वळतो. मंडपातून निघालेला तो मुलगा थेट समर्थ झाला नाही. परंपरा सांगते की, नाशिकजवळच्या टाकळीला त्याने बारा वर्षे साधना केली आणि पुढची बारा वर्षे तीर्थाटनात घालवली. ‘सावधान’चा क्षण आपण पाठ केला आणि ही चोवीस वर्षे विसरलो. त्या वर्षांची आठवण ठेवली, तर पाचारणाचा विचार करणाऱ्या खानदेशातल्या मुलीला ‘थांब’ असे का सांगतात, हे कळायला आपल्याला दूरच्या रोमला जावे लागणार नाही. आणि थांबून, विचार करून ती घरी परतली, तरी तिला ‘ये’ म्हणणे आपल्याला जड जाणार नाही.