हाताचा गुण आणि हाताची विद्या

मालिश शिकवते असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हमखास हसू येतं. तेल घ्यायचं, अंगाला चोळायचं, रगडायचं. त्यात शिकायचं ते काय? आमच्या आजीनं घरातल्या सगळ्या नातवंडांना न्हाऊमाखू घातलं, ती कुठल्या शाळेत गेली होती? शेवटी सगळं हाताच्या गुणावर, आणि तो जन्मजातच असावा लागतो. शिकल्यासवरल्या घरांतही हे मत पक्कं बसलेलं आहे. मला ते चुकीचं वाटतं, आणि त्यानं माणसांना इजा होते म्हणून ते खोडून काढायला हवं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडते. परंपरा त्याच्या बाजूनं उभी आहे. मालिश म्हणजे औषध नव्हे की शस्त्रक्रिया नव्हे, झाला तर फायदाच, ही समजूतही आहे. सर्वांत जोरकस मुद्दा मात्र वेगळा आहे: शनिवार-रविवारी शिकवून सोमवारी चकचकीत प्रमाणपत्र हातात देणारे वर्ग निघाले आहेत, आणि त्यांतून बाहेर पडलेल्यांपेक्षा गल्लीतली अनुभवी बाई कितीतरी बरी. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच, की दोन दिवसांत ही विद्या येत नाही. शिकायची गरज नाही, असं त्यातून कुठं निघतं?

आता आजीचं बघू. बाळाला न्हाऊ घालणारी जाणती बाई काम करताना जवळून पाहिली आहे का? पाटावर बसून ती पाय लांब करते, नडग्यांच्या खाचेत बाळ निजवते. तेल आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघते. पण त्याहीआधी ती दोन प्रश्न विचारते: रात्री झोपलं का, आणि शी कशी झाली? मग पालथा हात बाळाच्या पोटाला लावते. अंग कोमट लागलं तर तेलाची वाटी परत झाकते, ‘आज नको, उद्या बघू’ म्हणते. हे तिला जन्मतः आलेलं नसतं. सासूच्या किंवा आईच्या शेजारी बसून, कुठं दाबायचं नाही हे चार वेळा ऐकून, बोलणी खाऊन ते आलेलं असतं. कोल्हापूरच्या तालमीतही तेच. नवा पोरगा आधी थोरल्या पैलवानांचं अंग रगडतो. वस्तादाची नजर त्याच्या अंगठ्यावर असते. कागद नव्हता, पण गुरू होता, वर्षं होती, चूक दाखवणारा होता. परंपरेला बिनशिक्षणाची म्हणणं हा परंपरेचाच अपमान आहे.

ग्रंथांचा दाखला देणाऱ्यांनी तर ग्रंथ पुढं वाचावेत. अभ्यंग रोज करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावा, हे वाग्भटाचं सांगणं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यालाच लागून अष्टांगहृदयात अभ्यंग कुणाला वर्ज्य तेही आहे: कफानं ग्रासलेला, नुकतंच शोधन झालेला, अजीर्ण झालेला. सुश्रुतानं नव्या तापातल्या रोग्याला तेल लावायची साफ मनाई केली आहे. ती बाई वाटी झाकते तेव्हा हेच शास्त्र पाळत असते. नाही म्हणायला येणं हाच या विद्येचा पहिला धडा आहे, आणि जन्मजात गुणाच्या भरवशावर तो कुणालाच येत नाही.

‘झाला तर फायदाच’ हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. दिल्लीतल्या एका तरुणाची हकीकत 2017 मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. खेळताना घोटा दुखावला, पायाला प्लास्टर झालं. ते निघाल्यावरही पाय दुखे, सुजे. आईनं मायेनं तेल लावून पाय रगडला. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरलेली होती. ती सुटली, फुप्फुसाकडं गेली, आणि मुलगा गेला. त्या माउलीला दोष कोण देईल? पण एकाच पायाला सूज, पोटरी गरम, दाबलं की कळ, आणि मागं प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा फार लांबचा बसून केलेला प्रवास, एवढं जुळलं की त्या पायाला हात लावायचा नाही आणि लगेच डॉक्टरकडं पाठवायचं, हे शिकवायला एक तास पुरतो.

तान्ह्या बाळांचंही तेच. छाती पिळून ‘दूध काढणं’, नाक सरळ व्हावं म्हणून ओढणं, नाकात तेल सोडणं हे आजही चालतं. छाती पिळल्यानं तिथं पू होतो. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. आणि केस कापून झाल्यावर मानेला दिलेला तो कडक् झटका! मेंदूकडं रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो.

मग शिकवायचं काय? माझ्या वर्गात पहिल्या दिवशी तेलाची बाटली उघडतच नाही. प्रत्येकीनं डोक्याचा एक केस काढायचा, वहीच्या पानाखाली ठेवायचा, डोळे मिटून बोटाच्या टोकानं शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान, मग आणखी एक. जोर लावला की केस हरवतो, बोट सैल सोडलं की सापडतो. बऱ्याच जणी पहिल्या दिवशी तीन-चार पानांवर अडतात. महिन्याभराच्या सरावानं पानं वाढत जातात. हाताचा गुण म्हणतात तो हाच, आणि तो असा पानापानानं वाढताना मी पाहिलेला आहे.

दाब किती हा प्रश्नही अंदाजाचा नाही. टिफनी फील्ड यांनी अमेरिकेत 1986 साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: दिवसातून 3 वेळा, 15 मिनिटं, 10 दिवस मालिश, त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा रोज 47 टक्के जास्त वाढलं. पुढच्या कामात दिसलं की फायदा मध्यम दाबाचा असतो; नुसतं हलकं कुरवाळणं बाळांना गुदगुल्यांसारखं होतं, नकोसं वाटतं.

फायद्यांबद्दलही खरं बोलायला शिकवावं लागतं. ‘मालिशनं शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात’ हे वाक्य माझ्या वर्गात चालत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. व्यायामानंतर साठलेलं लॅक्टिक आम्ल मालिशनं निघून जातं हेही खरं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं 2012 मध्ये 11 तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली, एका मांडीला 10 मिनिटं मालिश केली, दुसरी तशीच ठेवली आणि दोन्हींतले स्नायूंचे नमुने तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. पण मालिश झालेल्या मांडीत दाह वाढवणारे संकेत कमी होते. कंबरदुखीवर काही दिवसांचा आराम, हलकं मन, शांत झोप, एवढं खरं दिलं तरी ते पुष्कळ आहे. त्यावर खोट्याची फोडणी कशाला?

शिक्षण नाकारण्याची एक किंमत मात्र आपण मोजतच नाही. ‘मसाज’ म्हटलं की आपल्याकडं छापा आणि बदनामी आठवते, आणि ती झळ प्रामाणिकपणे पोट भरणाऱ्यांना बसते. लंडनमध्ये 1894 साली हेच झालं होतं. मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या घरांवर वैद्यकीय नियतकालिकानं झोड उठवली, तेव्हा चार परिचारिकांनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅस्यूझेस’ काढली. परीक्षा ठेवली, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायची नाही असा नियम घातला. 1920 मध्ये त्या संस्थेला राजसनद मिळाली, आणि आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची तीच संस्था आहे.

माझी एक विद्यार्थिनी अजून शेजाऱ्यांना नर्सिंगचा कोर्स करते असं सांगते. मध्यंतरी एका घरी तिला बोलावलं. गृहस्थांचं प्लास्टर आठवड्यापूर्वी निघालेलं, पोटरीत गोळा येतो म्हणाले, जोरात रगड. तिनं दोन्ही पोटऱ्यांना आळीपाळीनं पालथा हात लावला, फीत काढून घेर मोजला, आणि पायाला हात लावणार नाही म्हणून सांगितलं. ते रागावले, आलीस कशाला म्हणाले. दिवसाची मजुरी बुडाली. तिनं रिक्षा बोलावली, त्यांना दवाखान्यापर्यंत पोचवलं आणि मग बसनं घरी आली.