मीठ, कांदा आणि औषधांना दाद न देणारा जंतू

उन्हाळ्यात पेण-वडखळ भागातून गेलात की रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. पेणच्या खाडीकाठची मिठागरंही जुनी. पेण-रोह्याकडच्या माणसाला कांदा आणि मीठ यांची ओळख करून द्यायला नको. पण वैद्यकाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच आजाराच्या गोष्टीत येतात, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ती गोष्ट एकदा तरी वाचावी असं मला वाटतं.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. पेशींच्या आवरणातून क्षार नीट ये-जा करत नाहीत, त्यामुळे फुप्फुसातला चिकट स्राव घट्ट होतो आणि त्यात जंतू घर करतात. घाम मात्र नेहमीपेक्षा कितीतरी खारट येतो. ज्या मुलाचं कपाळ खारट लागतं ते फार दिवस जगत नाही, अशी समजूत युरोपात पूर्वीपासून होती. 1938 मध्ये न्यू यॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. 1948 च्या उन्हाळ्यात त्या शहरात कडक उष्मा झाला, तेव्हा नेमकी हीच मुलं उष्माघाताने आजारी पडू लागली. तिथून धागा पकडून पॉल दि सांत'आग्नेसे यांनी 1953 मध्ये त्यांच्या घामात मीठ जास्त असतं हे दाखवून दिलं. घामाची तपासणी आजही निदानाचा पाया आहे. म्हणजे लोकांच्या जिभेला जे आधीच कळलं होतं, ते प्रयोगशाळेत यायला बराच काळ जावा लागला.

आता कांदा. 1950 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी कांदा सडवणाऱ्या एका जिवाणूचं वर्णन केलं. नाव दिलं स्यूडोमोनास सेपेशिया. लॅटिनमध्ये 'सेपा' म्हणजे कांदा. पुढची तीसेक वर्षं हा जंतू मुख्यतः शेतीशास्त्राच्या कपाटात राहिला.

मग 1984 मध्ये टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातून एक शोधनिबंध आला. तिथल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये हा जंतू 1971 साली 10 टक्क्यांच्या आसपास होता, 1981 पर्यंत तो 18 टक्क्यांवर गेला होता. काहींना विशेष त्रास नव्हता. काहींची प्रकृती हळूहळू खालावत होती. आणि काही जण, तोवर बरे असलेले, ताप येऊन थोड्याच दिवसांत दगावत होते. औषधं लागू पडत नव्हती. कोलिस्टिनसारख्या औषधाला हा जंतू जन्मतःच दाद देत नाही. इतकंच काय, पेनिसिलिन खाऊन त्यावर वाढणारे याचे नमुने 1979 मध्येच नोंदले गेले होते!

तो पसरत कसा होता? इथे संशोधकांसमोर खरा पेच उभा राहिला. या मुलांची उन्हाळी शिबिरं भरत. घरी आणि शाळेत आपल्यासारखं कुणी नाही, पण शिबिरात सगळेच आपल्यासारखे खोकणारे, हा त्यांचा मोठा आधार होता. 1993 मध्ये एडिंबरोच्या जॉन गोवन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पुरावा मांडला की हा जंतू रुग्णाकडून रुग्णाकडे, साध्या सहवासातून जातो. शिबिरं बंद झाली. रुग्णांनी एकमेकांपासून अंतर ठेवायचं, दवाखान्यातही वेगवेगळ्या दिवशी यायचं, असे नियम आले. जीव वाचले. पण एकमेकांना सर्वांत जास्त समजणारी माणसं कायमची दूर झाली. आपला निष्कर्ष बरोबर असला तरी त्याची किंमत कोणीतरी मोजत असतं, हे लक्षात ठेवा.

याच दशकात दुसऱ्या कपाटात काय चाललं होतं बघा. हा जंतू पिकांवरच्या बुरशीला मारतो, म्हणून अमेरिकेत त्याच्या काही प्रकारांना जैविक कीडनाशक म्हणून मंजुरी मिळाली होती. एकीकडे डॉक्टर त्याच्यापासून रुग्णांना लांब ठेवत होते, दुसरीकडे तो शेतात सोडायची तयारी होती. 1998 मध्ये गोवन यांच्यासह काही संशोधकांनी हा धोका उघडपणे मांडला, आणि नंतर तिथल्या सरकारने अशा वापरावर बंधनं आणली. निरोगी माणसाला या जंतूने सहसा काही होत नाही, तेव्हा कांदा खायचं सोडू नका. प्रश्न कांद्याचा नाहीच, दोन विषयांच्या माणसांनी एकमेकांचं न वाचण्याचा आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. 1992 मध्ये एइको याबुउची आणि सहकाऱ्यांनी या जंतूला बर्कहोल्डर यांच्या नावाच्या नव्या प्रजातीत घातलं: बर्कहोल्डेरिया सेपेशिया. 1997 मध्ये कळलं की हा एक नसून दिसायला सारख्या अनेक जंतूंचा गट आहे. तुम्ही फक्त आजचं नाव टाकून संदर्भ शोधलेत तर 1950 ते 1992 मधलं बरंचसं काम हातातून निसटेल. 1993 च्या त्या 'लॅन्सेट'मधल्या लेखाच्या शीर्षकातही जुनंच नाव आहे.

आणि आपल्याकडे? हा गोऱ्या लोकांचा आजार, असं बराच काळ मानलं गेलं. भारतातल्या पहिल्या नोंदी 1968 च्या. आजही पेणला किंवा रोह्याला एखादं मूल सतत खोकतंय, वजन धरत नाही, तर मनात आधी टीबी येतो, नाहीतर दमा. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण उपचार करूनही मूल सुधारत नसेल तर घामाची तपासणी सुचायला हवी, आणि जे आपल्याकडे नाहीच असं आपण ठरवून टाकतो ते कुणी शोधतही नाही.

म्हणून विषय निवडताना एक करून बघा. त्यातल्या मुख्य शब्दाचं नाव कुणी ठेवलं, कधी, आणि तो माणूस कुठल्या कपाटातला होता, हे आधी शोधा. मगच आराखडा लिहायला घ्या.