ख्रिस्तपुराणातील सृष्टिकथा

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील जगाची निर्मिती, आदाम-एवा आणि त्यांचे पतन या कथांचे मराठी ओवीबद्ध निरूपण. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर टॉमस स्टीफन्स (सु. 1549–1619) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागाच्या आरंभी ते येते. ग्रंथ 1616 मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात रायतूर येथे छापला गेला. सुमारे 11 हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात 36 अवस्वरू (अध्याय) असून त्यात जगाच्या आरंभापासून तारणाऱ्याच्या आगमनाच्या भाकितांपर्यंतचा जुना करार आहे. दुसऱ्याच्या 59 अवस्वरूंत येशूचे चरित्र आहे.

पार्श्वभूमी : स्टीफन्स लिस्बनहून निघून ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्यास पोहोचले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीतच राहिले. 1567 च्या सुमारास तिथली देवळे पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, तेव्हा त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्याची कामगिरी स्टीफन्स यांच्याकडे होती. धर्मांतरितांची जुनी पुराणे सुटली आणि त्या जागी कानावर पडेल असे काही उरले नाही, ही अडचण ग्रंथाच्या आरंभीच मांडली आहे. रविवारी दुपारी चर्चमधील शिकवणी आटोपल्यावर एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूंकडे आपल्या लोकांसाठी पुराण मागतो आणि त्या निमित्ताने कथा सुरू होते.

रचना : पुराणाच्या पारंपरिक पाच लक्षणांत सर्ग, म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, पहिले, वंशावळी त्यानंतर. ‘उत्पत्ती’चा क्रमही तोच असल्याने बायबलची ही कथा पुराणाच्या चौकटीत विनासायास बसली. वक्ता-श्रोता संवाद, श्रोत्याने मध्येच काढलेली शंका आणि तिचे निरसन ही मांडणी देशी आहे. छंद ग्रंथिक ओवीचा आहे : पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड. स्टीफन्स यांच्यासमोर एकनाथी वळणाची ओवी असावी, असे अभ्यासक मानतात. मात्र त्यांनी नेमके कोणते ग्रंथ वाचले होते यावर एकमत नाही. त्याच काळात आजच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे स्टीफन्स यांच्याच पिढीतले संतकवी दासोपंत गीतेवर अवाढव्य ओवीरचना करीत होते. मराठी ओवीच्या इतिहासात ही दोन नावे शेजारी क्वचितच येतात, ही त्या इतिहासलेखनाची उणीव होय.

कथाभाग : ‘उत्पत्ती’त निर्मितीची दोन कथने आहेत. पहिल्यात सहा दिवसांची निर्मिती व सातव्या दिवसाचा विसावा. दुसऱ्यात मातीपासून घडवलेला आदाम, एदेन बाग, मना केलेले फळ, सर्प आणि बागेतून हकालपट्टी. ख्रिस्तपुराणात ही दोन्ही एका सलग कथेत येतात आणि त्यांना देवदूतांच्या निर्मितीची व त्यांतील बंडखोरांच्या पतनाची जोड मिळते. हा भाग ‘उत्पत्ती’त नाही, तो ख्रिस्ती परंपरेतून आला आहे. काइन-हाबेल आणि नोहाचा जलप्रलय पुढे येतात.

नीतिबोध : देवाने जग शून्यातून, स्वेच्छेने निर्माण केले, ते त्याच्याहून वेगळे आहे आणि मुळात चांगले आहे. जग ही माया किंवा ब्रह्माचाच विस्तार, असे ऐकत आलेल्या श्रोत्यांसाठी यातले प्रत्येक पद वादाचे होते, आणि स्टीफन्स यांचा भर इथेच आहे. दुसरा धडा आज्ञापालनाचा : माणसाला निवडीचे स्वातंत्र्य आहे, म्हणून दोषही त्याचाच. पहिल्या आईबापांचे पाप सर्व वंशाला लागते, ही मूळपापाची शिकवण पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन यांच्यापासून रुजली. कर्मविपाकाची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला दुसऱ्याच्या पापाचा हा वारसा पटवणे सोपे नव्हते. एवेवरील दोषारोपाची चिकित्सा अलीकडची आहे. सृष्टीवरील माणसाची सत्ता ही मालकी नसून राखण आहे, असा अर्थ पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात ठळकपणे आला.

मुद्रण व हस्तलिखिते : गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला, पण देवनागरी खिळे नव्हते. ते पाडण्याचा विषय स्टीफन्स यांनी 1608 मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात काढला होता. हाती काही आले नाही आणि ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. 1649 व 1654 मध्ये तो पुन्हा छापला गेला, परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढल्यावरही ख्रिस्ती घरांत हस्तलिखिते राहिली. मंगळूरकडे मिळालेल्या अशा प्रतींवरून जे. एल. साल्ढाणा यांनी 1907 मध्ये रोमन लिपीतील आवृत्ती काढली. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन अ‍ॅबट यांनी 1920 च्या दशकात उजेडात आणले. त्याची शब्दकळा अधिक संस्कृतप्रचुर आहे. मूळ पाठ त्याचा की रोमन प्रतींचा, हा प्रश्न मिटलेला नाही. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती 1956 मध्ये, कारिदाद द्रागो यांची 1996 मध्ये आणि मार्सडेन प्रतीवर आधारलेली नेल्सन फाल्काव यांची 2009 मध्ये निघाली.

नंतरची परंपरा : फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्र्वा यांचे संत पीटरवरील पुराण (1629). गद्यात पंडिता रमाबाई यांचे बायबल भाषांतर, केडगाव येथे 1924 मध्ये मुद्रित.

मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्यांखेरीज हा ग्रंथ फारसा वाचला जात नाही. नव्या वाचकाने त्या ओव्या ओलांडून थेट सृष्टिकथेकडे जावे; रोमन लिपीची सवय नसल्यास बंडेलू किंवा द्रागो यांची आवृत्ती सोयीची.