विद्येचा जमाखर्च

उच्च शिक्षणाचा विषय निघाला की प्रथम गुणवत्तेची चर्चा होते. पैशाचा विचार मागाहून येतो. प्रत्यक्षात अनेक बुद्धिमान मुलांची वाट पैशापाशीच अडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही अडचण दूर करण्याचे तीन प्रमुख मार्ग आपल्याकडे रूढ झाले : शिष्यवृत्ती, कर्ज आणि श्रम. तिन्हींची परतफेड मात्र निरनिराळी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्याबदली दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे लंडनमधील अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने शिल्लक टाकली. तिला राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांची जोड देऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्या पदवीच्या जमेच्या बाजूला दान, बचत आणि कर्ज अशा तिन्ही रकमा मांडाव्या लागतील.

जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी उभारला. परत आलेले मुद्दल पुढील विद्यार्थ्याच्या उपयोगी पडावे, ही त्यामागील व्यापारी दृष्टी होय. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन १९४५ साली टाटांच्याच शिष्यवृत्तीवर लंडनला गेले.

तिसरा मार्ग कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. 'कमवा व शिका' या योजनेत विद्यार्थ्याने घाम गाळून आपला खर्च भागवावयाचा होता. तेथे देणे श्रमाने फिटत असे आणि स्वाभिमान शिल्लक राहत असे.

२००१ साली बँकांसाठी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार झाली आणि मध्यमवर्गालाही कर्जाचा मार्ग सुलभ झाला. तथापि, शिकत असताना हप्ता नसला, तरी व्याज सामान्यतः चढतच राहते. म्हणून पालकांनी प्रथम शिष्यवृत्ती शोधावी, मग घरची बचत मोजावी आणि उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज घ्यावे. सही करण्यापूर्वी व्याजाचा दर, तारण आणि फेडीची मुदत वाचावी.

आणि ज्याचे शिक्षण दुसऱ्याच्या पैशावर झाले, त्याने बँकेचे खाते बंद झाले म्हणजे ऋण फिटले असे मानू नये. एका गरजू विद्यार्थ्याची फी भरली, म्हणजेच ती खातेवही खऱ्या अर्थाने पुरी होते.