आकडी : कमरेमागच्या कोयतीचे बिऱ्हाड

ठाणे-पालघरच्या डोंगरपट्टीपासून गोव्यापर्यंत रानात राबणाऱ्या माणसाच्या कमरेमागे कोयती असते, आणि ती ज्या लाकडी किंवा लोखंडी साधनात अडकवलेली असते त्याला आकडी म्हणतात. कोयती म्हणजे टोकाशी आत वळलेल्या पात्याचे, एका हाताने चालवायचे, फांद्या छाटण्याचे हत्यार. तिची दखल पुष्कळांनी घेतली. आकडी मात्र पेहरावाच्या वर्णनात ओझरती येऊन जाते, आणि हा तिच्यावर अन्यायच आहे, कारण धारदार पाते अंगावर बाळगून झाडावर चढता-उतरता येणे ही गोष्ट कोयतीमुळे नव्हे, तर आकडीमुळे शक्य झाली.

या साधनाचे मूळ कोकणच्या भातशेतीत शोधावे लागते. भाताचे रोप ज्या तुकड्यात तयार करायचे, तेथे पावसाळ्यापूर्वी पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, जुनी पद्धत आहे. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या पालेदार फांद्या, ज्यांना काही भागांत कवळ तर काही भागांत टहाळ म्हणतात, शेंड्यापर्यंत चढून तोडाव्या लागत. चढताना दोन्ही हात खोडाला आणि फांदीवर पोचताच एक हात हत्याराला, अशी ही कामाची गरज असल्यामुळे कोयती हातात किंवा दातांत धरून भागत नव्हते, आणि पुढे खोचली तर खोडाला पोट घासून चढणाऱ्याला तीच कापली असती. म्हणून ती पाठीमागे गेली.

आकडीची घडण साधी असली तरी तिच्यामागचा विचार पक्का आहे. चिवट लाकडाचा हातात मावेल एवढा तुकडा तासून त्यात पाते उतरेल अशी खाच पाडतात आणि तो दोरीने कमरेला बांधतात. साधारणपणे पाते खाली आणि मूठ वर राहते, मुठीचा जाड भाग खाचेवर अडतो, आणि मागे न पाहता हात नेला तरी बोटांना धारेऐवजी मूठच लागते. चामड्याचे बंद म्यान येथे का रुजले नाही, याचे एक कारण पावसात दिसते: चार महिने भिजणाऱ्या प्रदेशात चामडे कुजते आणि आतल्या ओलीने पाते गंजते, तर उघड्या आकडीतून पाणी निथळून जाते. शिवाय चामड्याच्या कामासाठी कारागीर गाठावा लागतो. लाकडाची आकडी ज्याची त्याला, त्याच कोयतीने, घरच्या घरी घडवता येते. मोडली की चुलीत घालून नवी करायची अशी ही वस्तू असल्याने तिचे जुने नमुने जपण्याचे कारण कोणाला पडले नाही.

1878 च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली, तेव्हा टहाळ तोडण्याच्या हक्कावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि त्यात राबाचा प्रश्न कळीचा ठरला. फांदी तोडणे हा सरकारदरबारी वादाचा विषय झाल्यावर कमरेची कोयती हीसुद्धा केवळ शेतीची खूण उरली नसावी, असे मानायला जागा आहे. 1878 च्याच मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांवरील करांचा बोजा वाढून भंडाऱ्यांच्या धंद्याला झळ बसली. दिवसातून अनेकदा माडावर चढून पोय तासणाऱ्या, म्हणजे फुलोऱ्याचा पातळ काप घेऊन रस काढणाऱ्या, या लोकांचेही हत्यार आणि रसाचे भांडे कमरेलाच असे.

सह्याद्रीच्याच रांगेत दक्षिणेला, कोडगूमध्ये, पाठीमागे हत्यार बाळगण्याची हीच रीत वेगळ्या वळणाने गेली. तेथे रुंद पात्याची ओडिकत्ती तोडंग नावाच्या पितळी पकडीत अडकवतात आणि ती कोडव पुरुषांच्या समारंभी पोशाखाचा मानाचा भाग आहे. कोकणच्या आकडीला तसा मान मिळाला नाही. ती कामापुरतीच राहिली, आणि आता लाकडाच्या जागी लोखंडी पट्टी व सुती दोरीच्या जागी नायलॉनची दोरी आली, तरी तिचे काम पूर्वीचेच आहे.