सरकते नाके

संध्याकाळी साडेसहाला नाशिकच्या मुंबई नाक्यावर उभे राहा. डोक्यावरून उड्डाणपूल गेलेला, खाली चहूबाजूंनी हॉर्न, आणि तुम्हाला रस्ता ओलांडायचाय. नाका म्हणजे खरं तर गावाची वेस. इथे गाडी थांबायची, जकात भरायची आणि मग गावात शिरायचं. आज ही वेस शहराच्या पोटात आहे. त्र्यंबक नाका तसाच, आडगाव नाकाही तसाच. शहर पुढे गेलं, नावं होती तिथेच राहिली.

एक रिक्षा थांबवा. नाशिकची रिक्षा आहे, मीटरचा विषय काढू नका. "गोवर्धन," एवढंच सांगा. "कोणत्या सालातलं?" असं त्याने विचारलं तर दचकू नका. "सन 120च्या आसपास सोड," म्हणा आणि बसा.

गंगापूर रोड मागे पळतो. आधी शोरूम जातात, मग टॉवर, मग बंगले, मग द्राक्षबागा, शेवटी डांबरही जातं. तुम्ही उतरता तेव्हा तुमच्या हातात धोटा आहे. तुम्ही गोवर्धनातले विणकर आहात आणि आज मागावर कुणाचंच लक्ष नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, भिक्षूंना एक लेणं दिलंय. शिवाय त्यांच्या खर्चाला 3,000 कार्षापण. पैसे तो भिक्षूंच्या हाती देत नाही, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवतो: 2,000 तुमच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला कधीच हात लावायचा नाही. तुमच्याकडच्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं 240, आणि त्यातून वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी 12. हिशेब चोख. तो गोवर्धनच्या निगमसभेत वाचून दाखवला जातो, रीतसर नोंदवला जातो आणि मग दगडात कोरला जातो. लेणं क्रमांक 10, व्हरांड्यात. अक्षरं अजून आहेत.

या कोरीव पावतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कायमची ठेव ठेवणाऱ्याला हे गाव उद्या नसेल अशी शंकाही येत नाही. का यावी? सोपाऱ्याच्या, कल्याणच्या बंदरांतला माल घाट चढून इकडे येतो, इथून पैठणकडे जातो. गोवर्धन हे 'आहारा'चं ठिकाण आहे, आजच्या भाषेत जिल्ह्याचं गाव. नाशिक? त्याच डोंगरावर 18 क्रमांकाच्या चैत्यावर एक ओळ सापडते: नासिककरांनी दिलेलं धंभिक गावाचं दान. म्हणजे नाशिक आहे, माणसं दान देण्याइतकी बरी आहेत, पण कचेरी गोवर्धनला.

शहर कुठल्या जागेवर उभं आहे हे एक, आणि ती जागा कशाकशाच्या वाटेवर आहे हे दुसरं. भूगोलवाले या दोन गोष्टी कधी एकत्र करत नाहीत. जागा सहसा हलत नाही. वाटा हलतात, आणि त्यांच्याबरोबर गावाचं नशीब.

रिक्षा परत फिरवा आणि पेशवाईत उतरा. मधला मुघलांचा काळ, नाशिकला गुलशनाबाद म्हणत तो, मी ओलांडतोय, तो एका लेखाचा ऐवज नाही. इथे नदी दक्षिणेला वळते म्हणून रामकुंड. पलीकडच्या काठावर पंचवटी. अलीकडे टेकड्या, पुरापासून उंच. नव टेकांवर वसलं म्हणून नासिक, असं जुनी माणसं सांगत. सराफ बाजारातून वर चढताना पोटऱ्या ताणतात, तेव्हा ही व्युत्पत्ती खरी वाटायला लागते. सरदारांचा पैसा या काळात घाटांत आणि देवळांत ओतला जातो: 1747 मध्ये नारोशंकराचं मंदिर, शतकाच्या शेवटाकडे ओढेकरांनी बांधलेला काळाराम. देवळांमागे उपाध्ये येतात, उपाध्यांमागे यात्रेकरू, यात्रेकरूंमागे तांबटांची ठोकठोक. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे चौक. कामाला जायचं म्हणजे जिना उतरायचं.

आता 1895. तुम्ही मुंबईहून सहकुटुंब यात्रेला आलाय. स्टेशनाच्या पाटीवर लिहिलंय: नाशिक रोड. रेल्वेच्या भाषेत 'रोड'चा अर्थ सरळ आहे: गाव इथे नाही, गावाचा रस्ता इथे आहे. 1860च्या दशकात इगतपुरीकडून आलेला लोहमार्ग गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून गेला, आणि ही फट सांधायला घोड्यांची ट्राम घातली गेली. बसा. ट्रंका पायाशी, मुलं खिडकीशी. दोन्ही बाजूंना शेतं, मधूनच एखादी मोट कुरकुरते. मेन रोडवर उतरेपर्यंत बायको दोनदा विचारते, "अहो, रेल्वे गावातूनच का नाही नेली?" तिचा प्रश्न रास्त आहे, पण ते ठरवणाऱ्यांनी गावाला विचारलं नव्हतं. ही ट्राम 1930च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली आणि बंद पडली. फट राहिली.

त्या फटीच्या टोकाला दुसरं गाव आकार धरू लागतं. 1925 मध्ये नाशिक रोडला तिकिटांचा सरकारी छापखाना सुरू होतो, 1928 मध्ये नोटांचा. गंमत बघा, त्याच 1925 साली शिकागोत समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस शहराचं चित्र काढतो: मध्ये बाजारपेठ, भोवती कड्याभोवती कडं. झाडाच्या बुंध्यासारखं. नाशिकला ते चित्र लागूच पडत नाही. वीस वर्षांनी, 1945 मध्ये, हॅरिस आणि उलमन हे भूगोलतज्ज्ञ म्हणतात की शहराला एकच गाभा असतो असं नाही, अनेक असू शकतात. त्यांनी नाशिक पाहिलं नसावं, नाहीतर उदाहरण शोधत फिरावं लागलं नसतं. देव पंचवटीला, सोनं सराफ बाजारात, नोटा नाशिक रोडला, तोफखाना देवळालीला.

मात्र या नकाशांवर न दिसणारी एक कडा आहे. 2 मार्च 1930. तुम्ही पंचवटीत, काळारामाच्या दरवाजासमोर, हजारोंच्या मिरवणुकीत. दरवाजे बंद आहेत. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा हा सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालतो. इथे दादासाहेब गायकवाड तो लढवत ठेवतात. दरवाजापासून मूर्ती किती लांब? चार पावलं चालून गेलात की पोचाल इतकी. शहराच्या कुठल्या जागेत कुणी पाऊल ठेवायचं, याचाही नाका असतो, आणि तो जकात नाक्याहून कडक असतो.

पुढचा थांबा 1978. तुम्ही खानदेशातून आलेले फिटर. सातपूरच्या एमआयडीसीत पाळीवर, राहायला सिडकोत. 'नवीन नाशिक' हे कागदावरचं नाव. सगळे सिडकोच म्हणतात. काल जिथे मळा होता तिथे आज रांगेने सारखी घरं. जिन्यात अहिराणी ऐकू येते, हे एक बरं. पहिली दोन वर्षं घर तसंच राहतं. मग मागे मोरी वाढते, पुढे पत्रा येतो, भाऊ लग्न करतो म्हणून बाहेरून लोखंडी जिना चढतो आणि वर खोली होते. नियोजनकाराने एकसारखी आखलेली गल्ली दहा वर्षांत कुठलीच दोन घरं सारखी न उरलेली गल्ली होते. अतिक्रमण म्हणणारे म्हणोत. मला तर शहर इथेच घडताना दिसतं. ज्या मायको कारखान्यामुळे तुम्ही आलात त्याची पाटी बदलून 2008 मध्ये बॉश झाली, तरी चौक आजही मायको सर्कलच आहे.

7 नोव्हेंबर 1982 ला हे सगळे तुकडे आणि आसपासची वीसेक खेडी एका महापालिकेत घातली गेली. 1901 मध्ये साडेएकवीस हजार लोकांचं असलेलं गाव 2011 च्या जनगणनेत 14,86,053 वर पोचलं.

नदी मात्र यातलं काही मोजत नाही. 2 ऑगस्ट 2016 ला रिक्षातून उतरा आणि लगेच वर चढा, टेकडीवर. खाली गोदाघाटावर दुतोंड्या मारुती बुडत चाललाय. नाशिककरांची पूर मोजायची पट्टी हीच: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. भांडी बाजारात पाणी शिरलं की सराफ बाजार दागिने हलवायला लागतो. 2008 च्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. त्या रेषा नकाशावर आहेत. पाण्याने नकाशा पाहिलेला नाही. नव टेकांवर घर बांधणाऱ्यांना रेषेची गरज पडली नव्हती.

आता परत आजच्या गोवर्धनला चला. इथे ग्रामपंचायत आहे. महापालिकेची हद्द अलीकडेच संपते. पण देशभर ओळखल्या जाणाऱ्या सुला वाइनरीचा पत्ता गोवर्धनचा आहे, आणि शनिवारी-रविवारी मुंबईच्या गाड्या इकडेच वळतात. वाटेत प्लॉटच्या जाहिराती वाचत या. आणि रिक्षावाल्याशी भाडं आधीच ठरवा. तिकडून रिकामं यावं लागतं म्हणून तो अजून दुप्पट मागतो.